इनटेक मॅनिफोल्ड घरी पोर्ट करताना नेमकं काय घासायचं आणि काय सोडायचं

प्रश्न असा आहे: चार सिलिंडरचं, १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याचा ॲल्युमिनियमचा ओतीव इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा, फाटे असलेला भाग) आणि हातात डाय ग्राइंडर (हातात धरून धातू घासायचं यंत्र). रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) गॅस्केटच्या (सांध्यात बसणाऱ्या सीलच्या) मापापर्यंत मोठे केले आणि आतून आरशासारखे पॉलिश केले, तर इंजिनात जास्त हवा जाईल का?

मॅनिफोल्ड घासून फायदा होतो. फक्त तुम्ही म्हणता त्या दोन कामांतून तो जवळजवळ मिळत नाही. त्यातल्या पहिल्याने तर नुकसान होण्याचीच शक्यता जास्त. फायदा मिळतो तीन ठिकाणी: मॅनिफोल्ड आणि हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) जिथे जुळतात तो सांधा, प्लेनममधून (सगळे रनर जिथून फुटतात त्या हवेच्या पेटीतून) रनर सुरू होतो ते तोंड, आणि ओतकामात राहिलेल्या धारा व गाठी. एवढ्यावर हात थांबला तर काम चांगलं झालं म्हणायचं.

रनर मोठा करण्याला माझा विरोध का, ते आकड्यांत बघू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८० मिमी धरा. ६००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १६ मीटर प्रति सेकंद होतो. रनरचा व्यास ३६ मिमी असेल तर बोअर आणि रनरच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर जवळपास ५ येतं, म्हणजे सक्शन स्ट्रोकमध्ये रनरमधल्या हवेचा सरासरी वेग ७९ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. पिस्टनचा सर्वाधिक वेग सरासरीच्या साधारण १.६ पट असतो, तेव्हा हवाही क्षणभर १२५ च्या पुढे जाते. हा वेग इंजिनाच्या कामाचा आहे. पिस्टन तळाला पोचून वर यायला लागतो तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो, आणि त्या वेळात हवा आत शिरत राहते ती केवळ तिच्या जडत्वामुळे. रनर ३६ चा ४० केला की सरासरी वेग ७९ वरून ६४ वर येतो. आता कमी आरपीएमला हवेत तेवढा जोर उरत नाही, पिस्टन वर येताना आत आलेली थोडी हवा परत ढकलून देतो, आणि गाडी खालून मरगळते. टॉर्कचा डोंगर वरच्या आरपीएमकडे सरकतो. कॅमशाफ्ट आणि हेड त्या आरपीएमला श्वास घेऊ शकत नसतील तर खालचं गेलं आणि वरचंही मिळालं नाही, अशी अवस्था होते.

इथे एक हिशेब बरेच जण चुकवतात. भिंतीवरून सगळीकडून १ मिमी घासलं की व्यास २ मिमीने वाढतो. ३६ चा ३८ झाला म्हणजे क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढलं. बर (ग्राइंडरचं फिरणारं दातेरी टोक) हातात असताना १ मिमी काहीच वाटत नाही. ॲल्युमिनियम लोण्यासारखं निघतं.

काम सुरू करण्याआधी अडथळा नेमका कुठे आहे ते तपासा. गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा) असेल तर साधा स्कॅनर पुरतो. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना दिसणारा दाब म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. मग सुरक्षित ठिकाणी, शक्य असेल तर डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमचा आकडा घ्या. बाहेर ९८ किलोपास्कल आणि प्लेनममध्ये ९६ असेल, तर फिल्टर, नळी आणि थ्रॉटल बॉडी यांची काही तक्रार नाही. तोच आकडा ९० वर आला तर मॅनिफोल्डला हात लावू नका. आधी फिल्टर बदला, पिळवटलेली किंवा दबलेली नळी बघा. मात्र हा आकडा प्लेनमपर्यंतची गोष्ट सांगतो. पुढे रनरमध्ये आणि व्हॉल्व्हपाशी काय होतं ते त्याला कळत नाही. बहुतेक इंजिनांत सर्वांत अरुंद जागा व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटपाशीच असते, त्यामुळे हेडला हात न लावता नुसत्या मॅनिफोल्डकडून मोठी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक भानगड असते. पोर्टमधून (हेडमधल्या हवेच्या वाटेतून) पेट्रोल जात नाही, म्हणून व्हॉल्व्हची पाठ धुतली जात नाही. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये आणणाऱ्या नळीतून) येणारं तेल आणि ईजीआरची (थोडा जळका वायू इनटेकमध्ये परत सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी तिथे थरावर थर चढवतात. असं इंजिन असेल तर मॅनिफोल्ड उतरवल्यावर आधी तो कार्बन साफ करा. पुष्कळदा हरवलेली ताकद तेवढ्यानेच परत येते आणि बर बाहेर काढायची गरजच पडत नाही.

मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर हे उत्तर इथेच संपतं. तो काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो, दोन भाग एकमेकांवर घासून वितळवून जोडलेले असतात आणि भिंत पातळ असते. आतून तो मुळातच गुळगुळीत असतो. घासून फक्त काचेची भुकटी मिळेल, तीही नाकात.

मॅनिफोल्ड धातूचा असला तरी कोणत्या धातूचा, ते पक्कं करा. काही मोटरसायकलींचे आणि रेसिंगचे भाग मॅग्नेशियमचे असतात. त्याचा बारीक कीस पेट घेतो आणि पाणी टाकलं तर आग आणखी भडकते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने फारच हलका वाटला तर लपलेल्या कोपऱ्यात रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर तो तुकडा घरी घासू नका.

आता सांध्याकडे येऊ, कारण खरं काम इथे आहे. गॅस्केटचं भोक बहुधा मॅनिफोल्ड आणि हेड या दोन्हींच्या भोकांपेक्षा मोठं असतं. सांधा थोडा इकडेतिकडे झाला तरी गॅस्केट प्रवाहात येऊ नये म्हणून कारखान्याने ठेवलेली ती जागा आहे. दोन्ही बाजू गॅस्केटएवढ्या रुंद केल्या की सांध्यापाशी वाट फुगते आणि पुढे हेडमध्ये पुन्हा आवळते. हवा फुगवट्यात मंदावते, भिंतीपासून सुटते, भोवरे घालते आणि मग अरुंद जागेत पुन्हा वेग घेते. यात फक्त ऊर्जा खर्च होते. म्हणून गॅस्केट हे माप धरूच नका. माप धरायचं हेडच्या पोर्टचं.

जाड कागद हेडच्या फ्लँजवर (सांध्याच्या सपाट पृष्ठभागावर) स्टडमध्ये अडकवून नीट ताणा आणि पोर्टच्या कडेवरून बोट दाबत फिरवा, म्हणजे कडेचा ठसा उठतो. त्या ठशावर धारदार पात्याने कापा. हा कागद मॅनिफोल्डवर ठेवताना उलटा करावा लागतो, हे लक्षात असू द्या. हेडकडची बाजू हेडकडेच राहिली पाहिजे, नाहीतर सगळी भोकं आरशातल्यासारखी उलटतील. मॅनिफोल्डच्या फ्लँजला मार्किंग ब्लू किंवा काळा मार्कर फासा आणि स्क्राइबरने कागदाच्या कडेवरून बारीक रेघ ओढा. आता दिसेल की काही ठिकाणी मॅनिफोल्डची कड रेघेच्या आत आहे, काही ठिकाणी बाहेर.

मॅनिफोल्डची कड हेडच्या भोकाबाहेर असेल, तर वाहत्या हवेला हेडची कड समोरून आडवी येते. ही वाईट पायरी. मॅनिफोल्डमधून धातू काढून ती जात नाही, उलट वाढते; ती काढायची तर हेडच्या बाजूने काढावी लागेल. मॅनिफोल्डची कड आत असेल तर हवा लहान भोकातून मोठ्यात जाते. अशी अर्धा मिमीची पायरी पुढे जाणाऱ्या हवेला फारशी नडत नाही आणि उलट येणाऱ्या लाटेला आडवी येते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किंचित उघडे असतात तेव्हा जळका वायू इनटेकमध्ये मागे यायला बघतो, त्याला ती थोडी अडवते. म्हणून मी मॅनिफोल्ड हेडच्या अगदी बरोबरीला आणत नाही, सगळीकडून साधारण अर्धा मिमी कमीच ठेवतो. त्यातून सांध्यातली ढिलाईसुद्धा भरून निघते.

ही ढिलाई छोटी नसते. ८ मिमीच्या बोल्टला ९ मिमीचं भोक असलं तर मॅनिफोल्ड वरखाली पाऊण-एक मिमी कुठेही बसू शकतो. मूळचे डॉवेल पिन (भाग नेमक्या जागी धरणाऱ्या खुंट्या) नसतील तर तुम्ही रात्र जागवून जुळवलेली कड बोल्ट आवळताना सरकणार. फ्लँजच्या दोन टोकांना दोन छोट्या डॉवेल पिन बसवून घ्या, तेही मार्किंगच्या आधी. भोकं पाडायला सोयीचं ड्रिल नसेल तर एवढंच काम मशीनवाल्याकडून करून घेणं बरं. सांधा बसल्यावर खरंच जुळला का, ते बघायला इंजेक्टरच्या भोकातून छोटा बोरस्कोप घालता येतो. मी तो अंतिम शब्द मानतो, फ्लँजवरच्या रेघेला नाही.

कडेवर घासलेलं आत विरवत न्यायचं असतं. कडेपाशी १ मिमी घासलं असेल तर निदान २५ मिमी आतपर्यंत हळूहळू शून्यावर आणा. वाट रुंदावत जाते तेव्हा दोन्ही भिंतींमधला एकूण कोन ७ अंशांच्या पुढे गेला की हवा भिंत सोडायला लागते. वर दिलेल्या मापात तो ५ अंशांच्या आतच राहतो. फक्त तोंडाशी फनेलसारखं कोरून सोडून देणं हा घरगुती पोर्टिंगचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, आणि हाताला कितीही गुळगुळीत लागला तरी निरुपयोगी.

दुसरी जागा म्हणजे प्लेनममधलं रनरचं तोंड. इथे लोक सहसा बघतच नाहीत, कारण ते आत दडलेलं असतं. पाइपच्या तोंडाची कड काटकोनात धारदार असेल तर तिथला तोट्याचा गुणांक ०.५ धरतात, तीच कड व्यासाच्या १५ टक्के त्रिज्येने गोल केली की तो ०.०४ च्या आसपास येतो. ३६ मिमीच्या रनरला ही त्रिज्या साडेपाच मिमी होते. ७९ मीटर प्रति सेकंदाला हवेचा गतिज दाब ३.७ किलोपास्कल येतो. धारदार तोंडात त्यातला १.९ जातो, गोल तोंडात ०.१५. इंजिनातली हवा धक्क्याधक्क्याने वाहते, म्हणून हा फक्त अंदाज. पण वरच्या आरपीएमला एक-दीड टक्का हवा नुसती एक कड गोल करून मिळू शकते, हे त्यावरून कळतं. आणि हेही कळतं की ३००० आरपीएमला वेग निम्मा आणि तोटा पावपट असतो, म्हणजे रोजच्या चालवण्यात फरक जाणवणार नाही. मॅनिफोल्डचा वरचा भाग बोल्टने सुटत असेल तर हे काम एका दुपारचं आहे. एकसंध ओतलेला असेल तर थ्रॉटलच्या भोकातून लांब दांड्याचा बर घालून जेवढं दिसतं तेवढंच करा. न दिसणाऱ्या जागी आंधळेपणाने बर फिरवायचा नाही.

साधनांबद्दल. ॲल्युमिनियमला रुंद खाचांचा, एकेरी दातांचा कार्बाइड बर लागतो. पोलादासाठीचा बारीक दुहेरी दातांचा बर काही क्षणांत धातूने बुजतो. दातांवर मेणबत्ती घासत राहिलं की चिकटणं खूप कमी होतं. केरोसीनही चालतं, पण डाय ग्राइंडर विजेचा असेल तर ठिणगी आणि वाफ शेजारी नकोत. ग्राइंडरला वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. लांब दांड्याचा बर मोकळ्या हवेत पूर्ण वेगाने फिरवला तर दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि हातातून सुटतो. म्हणून तो आधी रनरच्या आत न्यायचा, मग बटण दाबायचं, आणि थांबल्यावरच बाहेर काढायचा. बर एका जागी थांबवू नका. लांब, हलके हात मारा. चष्मा आणि मास्क लागतातच, आणि सैल हातमोजे मुळीच नकोत. त्याच टेबलावर लोखंड घासायची सवय असेल तर आधी टेबल साफ करा, कारण ॲल्युमिनियमची भुकटी, गंज आणि ठिणगी हे तिघं एकत्र आले तर पेटतात.

भिंत किती जाड आहे ते बाहेरून वाकड्या कॅलिपरने जमेल तिथे मोजा. ओतताना आतला गाभा सरकलेला असतो, त्यामुळे एकाच रनरची एक बाजू ५ मिमी आणि समोरची अडीच मिमी असू शकते. अडीच मिमीपेक्षा कमी भिंत मी कुठेही ठेवत नाही. भोक पडलंच तर टिग वेल्डिंग करून घ्या. आतल्या बाजूला इपॉक्सी लावण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. पेट्रोल, उष्णता आणि कंपन यांत तो तुकडा सुटला तर त्याला जायला सिलिंडरखेरीज दुसरी वाट नाही.

इंजेक्टरच्या खोबणीची कड आणि ओ-रिंग बसते ती जागा अजिबात घासायची नाही. फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर कुठे पडतो ते त्या भूमितीवर ठरलेलं असतं. रनरमधल्या झडपा काढून टाकण्याचा मोहही टाळा. त्या कमी आरपीएमला हवेला घुसळण्यासाठी असतात, आणि त्या काढल्या की धूर-तपासणीचे प्रश्न वेगळे उभे राहतात. जुन्या कार्बोरेटरच्या मॅनिफोल्डमध्ये प्लेनमच्या तळाला उंचवटे दिसले तर ते ओतकामाची चूक नसते. साचलेलं पेट्रोल एकाच सिलिंडरकडे वाहू नये म्हणून ते ठेवलेले असतात.

आता पॉलिश. ६० नंबरच्या कार्ट्रिज रोलने बरच्या खुणा घालवा, ८० ने एकसारखं करा आणि थांबा. कार्बोरेटरच्या इंजिनात आरशासारखी भिंत उलट नडते, कारण त्यावर पेट्रोलचे थेंब एकत्र येऊन ओघळतात. थोडा खरखरीतपणा त्यांना पुन्हा हवेत उडवायला मदत करतो. जिथे इंजेक्टर व्हॉल्व्हजवळ असतो तिथे बहुतेक रनर कोरडाच असतो, म्हणून हा तोटा नाही, पण फायदाही मोजता येण्याजोगा नाही. चकाकी फोटोत छान दिसते एवढंच. तोच वेळ मॅनिफोल्ड गरम होऊ नये म्हणून वापरला तर जास्त मिळेल: आत जाणारी हवा ४० वरून ३० अंश सेल्सिअसवर आली की तिची घनता ३ टक्क्यांहून अधिक वाढते. त्यासाठी गरम भागापासून दूर, थंड जागेतून हवा घेणारी नळी आणि सांध्यात उष्णतारोधक स्पेसर.

चारही रनर सारखे झाले का, ते बघायला मोठा फ्लो बेंच लागत नाही. मॅनिफोल्डचं थ्रॉटलकडचं तोंड व्हॅक्यूम क्लीनरला जोडा, तीन रनर बंद करा, एक उघडा ठेवा आणि प्लेनमला जोडलेल्या पारदर्शक यू-नळीत पाण्याची पातळी किती चढते ते लिहा. जो रनर जास्त अडवतो, तिथे पातळी जास्त चढते. हवा इंजिनातल्याच दिशेने वाहायला हवी, म्हणून नळी क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूला जोडा. खेचण्याने उलट दिशेचं माप येतं आणि रनरच्या तोंडाचा फायदा दिसतच नाही. चौथ्यानंतर पहिला रनर पुन्हा मोजा, कारण क्लीनरची मोटर तापली की आकडे सरकतात. यातून खरा प्रवाह कळत नाही, चारांची आपापसातली तुलना कळते, आणि ती पुरेशी आहे.

धुण्यात कंजूषी करू नका. सगळे सेन्सर, इंजेक्टर, व्हॅक्यूमचे नोझल काढूनच काम करा, आणि शेवटी गरम साबणाच्या पाण्याने, बाटलीच्या ब्रशने प्रत्येक लहान वाट धुवा, मग हवेने फुंका. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही. ब्रीदर आणि ईजीआरच्या आडव्या वाटांत तो अडकतो आणि इंजिन चालू झाल्यावर निघतो. हेडची तोंडं मॅनिफोल्ड उतरवल्या क्षणापासून कापडाने बंद ठेवा आणि बसवण्याआधी ती कापडं मोजून काढा.

फ्लँजवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज घाला, साधारण ०.१ मिमीहून जास्त फट दिसली तर सरफेसिंग करून घ्या, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. गॅस्केट नवीन घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा.

गाडी सुरू केल्यावर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती) बघा. आयडलला ट्रिम बरीच प्लसमध्ये आणि आरपीएम वाढवल्यावर शून्याकडे येत असेल तर सांध्यातून हवा चोरून येते आहे. गळती धुराने शोधा. गरम एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील स्प्रे मारून शोधण्याची पद्धत धोक्याची आहे. हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेलं इंजिन वाढलेली हवा स्वतः ओळखतं. मॅपवर चालणाऱ्या इंजिनात ईसीयूला ठरलेल्या तक्त्यावरच विसंबावं लागतं; कमी भारात ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, पूर्ण थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत सावरत नाही. म्हणून पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण एकदा वाइडबँड सेन्सरवर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या सेन्सरवर) मोजा, कार्बोरेटर असेल तर मेन जेट त्यानुसार बदला, आणि मिश्रण पातळ दिसत असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत वरच्या आरपीएमला गाडी ताणू नका.